‘एन्फ्रँचाइझ’ : एका क्रियापदाची कुळकथा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

उत्सवाच्या व्यासपीठावरून व्याकरण सांगू लागलेल्या वक्त्याकडे श्रोते ज्या नजरेने पाहतात, ती नजर आम्हांला येथूनही दिसत आहे. नाट्यप्रवेश आणि अल्पोपाहार यांच्या मधल्या वेळात आमची योजना झाली आहे, याचीही आम्हांस जाणीव आहे. तथापि ज्या एका इंग्रजी क्रियापदाविषयी आज बोलावयाचे योजिले आहे, ते आपल्या मंडळाच्या दप्तरात गेल्या वर्षी येऊन बसले आहे. ते कसे आले, हे पुढे सांगूच. आधी त्याचे कूळ पाहू. क्रियापद असे : ‘एन्फ्रँचाइझ’. हक्क देणे, विशेषतः मताचा हक्क देणे, असा त्याचा अर्थ आज कोणताही कोश देईल. परंतु हा अर्थ या शब्दाच्या आयुष्यात फार उशिरा आलेला आहे, आणि त्याच्या आधीचे अर्थ अधिक बोलके आहेत.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून ऱ्हाईन नदीच्या काठी राहणाऱ्या फ्रँक नावाच्या टोळ्यांचा उल्लेख रोमन लेखनात आढळू लागतो. त्यांचे हे नाव एका जातीच्या भाल्यावरून पडले असावे, असे अनेक व्युत्पत्तिकारांचे मत आहे. पुढे या टोळ्यांनी गॉल प्रांत जिंकला आणि त्या प्रांताला आपले नाव दिले. तोच आजचा फ्रान्स. जिंकलेल्या त्या देशात पूर्ण स्वातंत्र्य असे ते या जेत्या जमातीला. इतरांवर कोठे ना कोठे कोणाचे तरी बंधन असे. परिणाम असा झाला की जमातीचे नाव हेच विशेषण झाले. प्रथम जो फ्रँक तो स्वतंत्र. पुढे जो जो स्वतंत्र तो फ्रँक. याच्या अगदी उलट दैव स्लाव्ह लोकांच्या वाट्याला आले. मध्ययुगात त्यांच्यातील असंख्य माणसे पकडून विकली गेली, आणि त्यांच्या नावावरून युरोपीय भाषांत गुलामाला ‘स्लेव्ह’ म्हणू लागले. एका जमातीचे नाव स्वातंत्र्याचे झाले आणि दुसरीचे दास्याचे. भाषा या गोष्टी किती निर्विकारपणे नोंदवून ठेवते, ते पाहण्यासारखे आहे.

इंग्रजीत ‘फ्रँक’ म्हणजे मोकळ्या मनाचा, आडपडदा न ठेवता बोलणारा. आपली मराठीही याच वाटेने गेलेली आहे. मोकळा म्हणजे बंधनातून सुटलेला, आणि मोकळा म्हणजे मनात काही न ठेवणारा. ज्याच्या पायात बेडी नाही त्याच्या जिभेवरही नाही, हा अनुभव दोन्ही समाजांना स्वतंत्रपणे आला असला पाहिजे. ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदांची पत्रे पूर्वी टपालहशील न भरता जात. त्या सवलतीलाही ‘फ्रँक’ म्हणत. १८४० मध्ये पेनीचे टपाल सुरू झाले आणि ती सवलत गेली. पण शब्द राहिला. घराच्या करारावर मुद्रांकशुल्काचे ‘फ्रँकिंग’ करून घेण्यासाठी आपल्यापैकी कित्येकांनी बँकेत खेटे घातले असतील. पैसे भरल्यावाचून ते होत नाही. शब्दाचा अर्थ मात्र ‘फुकट’ असा होता!

हाच फ्रँक शब्द, भगिनींनो आणि बंधूंनो, इंग्रजांच्या कितीतरी आधी आपल्या घरी दुसऱ्या दाराने आलेला आहे. धर्मयुद्धांच्या काळात पश्चिम युरोपातून आलेल्या सर्वच योद्ध्यांना अरब लोक फ्रँक याच नावाने ओळखू लागले. अरबीतून फारसीत ‘फरंग’ झाले, आणि फारसीतून आपल्याकडे ‘फिरंगी’ आले. मराठी माणसाने हे नाव मुख्यतः पोर्तुगिजांना दिले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती फिरंग्यांकडून. त्यांच्या देशच्या सरळ पात्याच्या तलवारीला आपण ‘फिरंग’ म्हटले, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या एका व्याधीला भावप्रकाशकारांनी ‘फिरंगरोग’ हे नाव दिले. ज्या शब्दाचा युरोपातील अर्थ ‘स्वतंत्र’, तो आपल्याकडे तलवार, रोग आणि परकी सत्ता यांचे नाव होऊन आला. त्याच शब्दाच्या पोटातून पुढे मताधिकाराचे क्रियापद येईल, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल.

आता त्या क्रियापदाकडे वळू. जुन्या फ्रेंच भाषेत ‘फ्रांक’ या विशेषणामागे ‘आं’ हा उपसर्ग लावून स्वतंत्र स्थितीत आणणे अशा अर्थाचे एक क्रियापद केले गेले. पंधराव्या शतकात ते इंग्रजीत आले. त्याच्या शेवटचा ‘आइझ’ हा ‘रिअलाइझ’मधला ग्रीक प्रत्यय नव्हे, तर फ्रेंच धातुरूपाचा अवशेष आहे, म्हणूनच अमेरिकन लोकसुद्धा तेथे ‘झेड’ अक्षर न लिहिता ‘एस’च लिहितात. आमच्या या माहितीचा शालेय विद्यार्थ्यांना शुद्धलेखनात उपयोग होईल; इतरांनी ती सोडून दिली तरी चालेल.

प्रथम हे क्रियापद माणसाच्या देहाशी बांधलेले होते. दासाला दास्यातून सोडविणे, बंदिवानाच्या बेड्या काढणे, हे ‘एन्फ्रँचाइझ’ करणे. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’ नाटकात सीझरचा वध होताच कट करणाऱ्यांच्या तोंडी या क्रियापदाचे नामरूप येते. तेथे मतपेटीचा काही संबंध नाही. जुलमातून सुटका झाली, एवढाच त्याचा आशय आहे. नंतर अर्थ सरकला. परक्या माणसाला नगराचा नागरिक करून घेणे, म्हणजे त्याला ‘एन्फ्रँचाइझ’ करणे. आणि मग खुद्द नगरांनाच हे क्रियापद लागू लागले. ज्या नगराला पार्लमेंटात प्रतिनिधी पाठविण्याचा हक्क मिळे, ते नगर ‘एन्फ्रँचाइझ’ झाले असे म्हणत. १८३२ च्या सुधारणा कायद्याने मँचेस्टर, बर्मिंगहॅम आणि लीड्स या गिरण्या-कारखान्यांच्या शहरांना तो हक्क मिळाला, तर ५६ जुन्या नगरांचा तो अजिबात गेला. त्या ५६ मध्ये ओल्ड सॅरम हे गाव होते. तेथे वस्ती जवळजवळ उरली नव्हती. परंतु तेथून पार्लमेंटात दोन सभासद मात्र नेमाने जात असत. त्याच कायद्यात मतदार ‘पुरुष’ असला पाहिजे, हे प्रथमच अक्षरांत लिहिले गेले. सुधारणेच्या हातून घडलेली ही गोष्ट आम्हांला त्या कायद्यातील सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते. जे आजवर रूढीने अडत होते ते आता कायद्याने अडले. इंग्लंडातील स्त्रियांना ते एक विशेषण काढून टाकण्यासाठी १९१८ पर्यंत लढावे लागले. तेव्हाही तीस वर्षांवरील आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांनाच मत मिळाले. पुरुषांच्या बरोबरीने एकविसाव्या वर्षी मिळावयास १९२८ साल उजाडले.

या प्रवासात शब्दाच्या स्वभावात एक फरक पडला. ‘फ्रँचाइझ’ या नामाचा अर्थ प्रथम ‘स्वातंत्र्य’ असा होता. मग तो ‘राजाने दिलेली सवलत’ असा झाला. जत्रा भरविण्याची सवलत, नावेची उतारू-पट्टी घेण्याची सवलत, बाजाराचा कर उकळण्याची सवलत, या सर्व ‘फ्रँचाइझ’च. आज रस्त्यारस्त्यावर दिसणाऱ्या दुकानांची ‘फ्रँचायझी’ आणि २००८ साली सुरू झालेल्या क्रिकेटच्या लीगमधील संघांची ‘फ्रँचायझी’ ही याच सवलतीची वंशावळ. दुकानाच्या फ्रँचायझीत तर दुकानदाराने पाटीचा रंग कोणता द्यावा आणि वडा किती वेळ तळावा, हेसुद्धा कंपनी ठरविते. ज्या शब्दाचा जन्म बेड्या तोडण्यात झाला, त्याची ही परिणती आहे! पण मुद्दा विनोदाचा नाही. सवलत म्हटली की तिला देणारा लागतो. ‘एन्फ्रँचाइझ’ हे सकर्मक क्रियापद आहे. त्याला वर बसलेला एक कर्ता लागतो, आणि ज्याला हक्क मिळतो तो माणूस वाक्यात कर्म होऊन बसतो. म्हणूनच याच क्रियापदाच्या पाठोपाठ ‘डिस्फ्रँचाइझ’ हेही क्रियापद आले. जो देऊ शकतो तो काढूनही घेऊ शकतो.

तमिळ देशात राहणाऱ्या आपणा मंडळींना या क्रियापदाची आणखी एक ओळख असावयास हरकत नाही. मद्रास इलाख्यात १८५८ मध्ये इनाम कमिशनचे काम सुरू झाले. तंजावरच्या मराठी राजवटीने आणि इतर अनेक सत्तांनी दिलेली देवस्थानांची, विद्वानांची, चाकरीची इनामे या प्रदेशात पसरलेली होती. पुष्कळ इनामांवर सरकारचा एक सुप्त दावा असे. वंश खुंटला, जमीन विकली, किंवा चाकरी थांबली तर ती परत घेऊ, असा तो दावा. कमिशनने व्यक्तिगत इनामदारांपुढे पर्याय ठेवला : ठरावीक हलका सारा कबूल करावा, म्हणजे सरकार हा दावा सोडील, आणि जमीन विकण्यास, दान देण्यास, वारसाकडे जाण्यास मोकळी होईल. या मोकळे करण्याला सरकारी भाषेत ‘एन्फ्रँचाइझ’ करणे हेच नाव होते. १८६२ च्या मद्रास कायद्याच्या नावातच ‘एन्फ्रँचाइज्ड इनाम्स’ हे शब्द आहेत. इंग्लंडातही ‘कॉपीहोल्ड’ नावाची जमीनदाराच्या दप्तरावर अवलंबून असलेली जमीन पूर्ण मालकीची करून घेण्याला हेच म्हणत, आणि तेथील १९६७ च्या कायद्याने दीर्घ मुदतीच्या पट्टेदाराला घराखालची जमीन विकत घेण्याचा जो हक्क मिळाला, त्यालाही हेच नाव आहे. म्हणजे माणूस, नगर आणि जमीन अशा तिन्हींना हे क्रियापद लागले. तिन्ही ठिकाणी वरचा हात काढून घेणे हीच क्रिया. पण वरचा हात होता, हे मान्य करूनच.

या क्रियापदाला मराठीत काय म्हणावे? आपण सहज ‘अधिकार देणे’ म्हणतो. अधिकार हा शब्द दिसतो तितका निरुपद्रवी नाही. पूर्वमीमांसेत यज्ञकर्म कोणी करावे या प्रश्नाला ‘अधिकार’ म्हणतात, आणि जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय त्यालाच वाहिलेला आहे. तेथे बादरी नावाच्या आचार्यांचे मत असे नोंदले आहे की अधिकार सर्व वर्णांना आहे. आणि लगेच ते मत खोडून शूद्रांना वगळले आहे. त्या वादात बादरी हरले, असे परंपरा मानते. आम्हांला त्या हरलेल्या आचार्यांविषयी फार आदर वाटतो. सांगावयाचे ते असे की ‘अधिकार’ या शब्दाला दाराशी उभे राहून कोणाला आत घ्यावे हे विचारण्याची जुनी सवय आहे.

‘हक्क’ हा अरबीतून आलेला शब्द मूळचा ‘सत्य’ या अर्थाचा. जे खरे ते ज्याचे त्याचे. मराठी वाक्यरचनाही येथे मदतीला येते. ‘मला हक्क आहे’ असे आपण म्हणतो, जसे ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणतो. यात देणारा कोणी नाही.

आणि तिसरा शब्द आम्हांला या सर्वांत मोलाचा वाटतो : ‘बहाल करणे’. आज वर्तमानपत्रांत ‘पदवी बहाल केली’, ‘अधिकार बहाल केले’ असे छापून येते, आणि वाचणाऱ्याला कोणी तरी थोर पुरुष वरून काही तरी ओंजळीत टाकीत आहे असे वाटते. परंतु हा फारसी शब्द ‘ब’ आणि ‘हाल’ मिळून झालेला आहे. त्याचा अर्थ, होत्या स्थितीत. वतन बहाल केले म्हणजे नवे दिले असे नव्हे. जे चालत आले ते तसेच कायम राखले, किंवा मध्ये जप्त झाले होते ते पूर्वस्थितीवर आणले. मराठेशाहीतील इनामपत्रांत अंमलदारांना दरवर्षी नवे पत्र मागू नये अशी ताकीद असे, आणि इनाम लेकराच्या लेकरापर्यंत चालवावे असे लिहीत. दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याची सावली दरवर्षी पडू नये, याची ती तजवीज होती. राजे बदलले की नव्या सनदेसाठी धावपळ करावीच लागे, ही गोष्ट वेगळी. परंतु भाषेने सांगितलेला आदर्श तसा होता. वतनदारीचे आम्ही गोडवे गात नाही. तिने गावगाड्यात जन्माने ठरणारी उच्चनीचता पक्की केली. आम्ही फक्त शब्दाचा गुण सांगतो.

आपल्या देशात मताचा हक्क कोणत्या वाटेने आला? १९१९ च्या कायद्याखाली मत असे ते सारा भरणाऱ्याला, प्राप्तिकर भरणाऱ्याला, ठरावीक किंमतीच्या घरात राहणाऱ्याला. त्या वेळी मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे जानेवारी १९१९ मध्ये मुंबईचे एक तरुण प्राध्यापक साक्षीला उभे राहिले, आणि ज्यांच्याजवळ मालमत्ता नाही, कारण ती त्यांना मिळूच दिली गेली नाही, अशा अस्पृश्य समाजासाठी मताची पात्रता उतरवावी असे त्यांनी मांडले. ते डॉ. भीमराव आंबेडकर. सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये त्यांनी प्रौढ मताधिकाराचाच आग्रह धरला. स्त्रियांच्या बाबतीत १९१९ च्या कायद्याने हात झटकून निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर टाकला होता. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई या दोन्ही इलाख्यांनी स्त्रीत्वाची आडकाठी काढून टाकली. आपली जन्मभूमी आणि आपली कर्मभूमी येथे एकाच वर्षी एका रांगेत उभ्या राहिल्या, याची नोंद आपल्या स्मरणिकेत असावी. मालमत्तेची अट अर्थात राहिलीच, आणि ती बहुसंख्य स्त्रियांना दारातच थांबवीत होती.

१९५० च्या राज्यघटनेतील ३२६ वे कलम वाचून पाहावे. निवडणुका प्रौढ मताधिकाराच्या पायावर होतील, आणि अपात्र न ठरलेल्या प्रत्येक प्रौढ नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवून घेण्याचा हक्क असेल, असा त्याचा आशय आहे. तेव्हा वय २१ होते, १९८९ पासून ते १८ झाले. त्या कलमात कोणी कोणाला काही देत नाही. क्रियापदाचा सकर्मक डौल तेथे उतरलेला आहे. न्यायालयांनी मात्र आपल्याला जमिनीवर ठेवले आहे. याच प्रदेशातील नामक्कल मतदारसंघातून अर्ज फेटाळल्या गेलेल्या पोन्नुस्वामी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली म्हटले की मत देण्याचा वा उभे राहण्याचा हक्क ही कायद्याची निर्मिती आहे आणि कायद्याच्या मर्यादांत राहूनच तो बजावावयाचा आहे. तुरुंगात असलेल्या माणसाला, स्थानबद्धाचा अपवाद सोडल्यास, आजही मत देता येत नाही. ज्या क्रियापदाने प्रथम बंदिवानाला सोडविले, त्याच्या कक्षेबाहेर आज बंदिवानच उभा आहे.

या कायद्यात आपणा परप्रांतस्थांच्या कामाची एक गोष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस ज्या मतदारसंघात सामान्यतः राहतो तेथेच त्याचे नाव नोंदले जाते, आणि केवळ एखाद्या ठिकाणी आपले घर आहे एवढ्यावरून तो तेथला रहिवासी ठरत नाही. पूर्वी घर असल्यामुळे मत मिळे. आता गावी नुसते घर आहे म्हणून तेथे मत मिळत नाही. सातारा-सांगलीकडच्या वाड्याला कुलूप लावून तीस वर्षे येथे राहिलेल्या, आणि अजून येथे नाव न नोंदविलेल्या सभासदांनी हे कलम मनावर घ्यावे.

परंतु हक्क असणे आणि यादीत नाव असणे यांत किती अंतर असू शकते, हे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने दाखविले. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीत मतदार होते सुमारे १७ कोटी ३० लाख. यादी करणारे दारात आले तेव्हा, मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात, अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरविले, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली. घटनेने त्यांना काहीही नाकारले नव्हते. आयोगाच्या निर्णयावर तेव्हा टीका झाली. आमच्या मते तो कठोर असला तरी योग्य होता. ‘अमक्याची बायको’ या नोंदीला मत दिले असते, तर ते मत त्या अमक्याचे दुसरे मत झाले असते.

आता मंडळाच्या दप्तराकडे येऊ. आपल्या घटनेत स्थापनेपासून एक नियम आहे : एक कुटुंब, एक सभासदत्व, एक मत, आणि ते मत कुटुंबप्रमुखाचे. संस्थापकांपुढे तेव्हा पंधरा-वीस बिऱ्हाडे होती, आणि वर्गणी घरटी ठेवणे सोयीचे होते. त्या सोयीचा नियम झाला. पन्नास वर्षे गणेशोत्सवाचा नैवेद्य, बालवाडी, हळदीकुंकू आणि वाचनालय ज्यांनी चालविले, त्यांची नावे सभासदांच्या नोंदवहीत ‘कुटुंब’ या एका शब्दात आहेत. पुढील सर्वसाधारण सभेत हा नियम बदलण्याचा ठराव यावयाचा आहे. निबंधकांकडे कागद इंग्रजीतून जावयाचा म्हणून त्याचा मसुदा इंग्रजीत झाला, आणि त्यात मंडळ ‘आपल्या महिलांना एन्फ्रँचाइझ करीत आहे’ असे वाक्य आले. मराठी तर्जुम्यात ‘महिलांना मताधिकार देण्यात यावा’ असे लिहिले आहे. ठरावाला आमचा पूर्ण पाठिंबा आहे; वाक्याला नाही. देणारे आपण कोण? ज्यांच्या श्रमावर मंडळ उभे आहे त्यांना मंडळ काय देणार? शिवाय ‘देण्यात यावा’ असे लिहून ठेवले की पुढच्या एखाद्या सभेत ‘काढून घेण्यात यावा’ असे लिहिण्याची सोय राहते.

काही ज्येष्ठ सभासदांची शंका आम्ही ऐकली आहे. घरटी दोन-तीन मते झाली तर घराघरांत तट पडतील, असे त्यांना वाटते. पडतील कदाचित. नवराबायकोंचे एकमत असलेच पाहिजे असा नियम लग्नातही नाही, तो मंडळात कशाला? वर्गणीचा प्रश्न मात्र खरा आहे. तिप्पट वर्गणी घेऊ लागलो तर आपण पुन्हा मालमत्तेच्या अटीवर आलो, असे होईल. वर्गणी घरटीच ठेवावी, मत माणशी असावे. हिशेबतपासनिसांना त्याने काही अडचण येऊ नये.

मसुद्याविषयी आमची सूचना अशी. इंग्रजीतून ते क्रियापद काढावे आणि एवढेच लिहावे की अठरा वर्षे पूर्ण केलेली, सभासद-कुटुंबातील प्रत्येक व्यक्ती मंडळाची मतदार आहे. मराठीत ‘आहे’ हेच क्रियापद ठेवावे. कोणाला भारदस्त शब्द हवाच असेल तर ‘बहाल’ चालेल; मात्र त्याचा मूळ अर्थ इतिवृत्तात लिहून ठेवावा. आणि ठराव संमत होईपर्यंत न थांबता नवी नोंदवही आजच आखावी. तीत ‘कुटुंब’ हा रकाना नसावा. यादी करण्याचे काम कार्यवाहांनी आम्हांवर सोपविले आहे. येत्या रविवारपासून आम्ही घरोघर येणार आहोत. दार कोणीही उघडावे, चहाही कोणी करावा, पण नाव मात्र ज्याचे त्याने, जिचे तिने, स्वतः सांगावे, आणि ते कसे लिहावयाचे तेही सांगावे. काहीजणींना माहेरचे आडनाव हवे असेल, ते तसेच लिहू.